शाळेचे पुस्तक घरी जाऊ द्या
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पालक मेळाव्यात केलेले भाषण)



'प्राथमिक शाळा, कुटुंब आणि वाचन' या विषयावर बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. आयुष्याचा मोठा काळ मी प्राथमिक शाळेत घालविला. तेथे माझ्या हातून घडलेली एक चूक प्रथम कबूल करतो.

मी मुख्याध्यापक असताना शाळेत गोष्टींची पुस्तके होती. परंतु ती कुलूपबंद कपाटात. एखादे फाटले वा हरवले, तर तपासणीच्या वेळी नोंदवहीशी मेळ कसा घालावयाचा, ही धास्ती असे. तिसरीतील एका मुलीने एकदा विचारले, "गुरुजी, हे पुस्तक घरी नेऊ? आजीला वाचून दाखवायचंय." मी म्हणालो, "शाळेतच वाच." त्यानंतर तिने कधीही पुस्तक मागितले नाही. नोंदवही चोख राहिली. एक वाचक मात्र मी गमावला.

ही गोष्ट मनाला लागून राहिली. पुढच्या वर्षी कपाट उघडले. शनिवारी प्रत्येक मुलाने एक पुस्तक घरी न्यावयाचे आणि सोमवारी परत आणावयाचे, असा परिपाठ ठेवला. काही पुस्तके तेला-हळदीचे डाग घेऊन आली, दोन-चार आलीच नाहीत. डाग पाहून मला समाधान वाटले. ती पुस्तके स्वयंपाकघरात वाचली गेली होती.

पालक सभेत एक माउली संकोचाने म्हणाली, "मला अक्षर येत नाही, मी काय शिकवणार?" मी म्हणालो, "ताई, तुम्ही ऐका. तो थांबला की 'पुढं काय झालं?' एवढंच विचारा." मुलाला गोष्ट सांगावयाची तर ती समजून वाचावी लागते. निरक्षर आईही हे काम उत्तम करू शकते. पुढे आजी-आजोबांनाही आम्ही वर्गात बोलाविले. एका आजोबांनी विहीर खणल्याची हकिकत सांगितली. मुलांनी ती लिहून काढली, पाने शिवून पुस्तक केले, आणि तेच पुस्तक घरी नेण्यासाठी चढाओढ लागली.

शाळेत पालकांना स्थान असावे, हे आता कायद्यानेही मानले आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. पण इतिवृत्तावर सही करण्यापुरतेच पालकांना बोलाविले, तर कायद्याचा हेतू साधत नाही.

'प्रथम' संस्थेचे 'असर' सर्वेक्षण २००५ मध्ये सुरू झाले. त्यात ग्रामीण भागातील घरी जाऊन मुलाचे वाचन पाहतात : अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, मग गोष्ट. आपले मूल यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, हे गुणपत्रिकेपेक्षा अशा वाचनातून पालकांना लवकर कळते.

शाळा आणि घर यांत अंतर नसावे, हा धडा आपल्याकडे जुना आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून आपले दागिने मोडले. आज आपल्याकडे दागिने कोणी मागत नाही. रोजची दहा मिनिटे मागितली जात आहेत.

म्हणून तीन विनंत्या करतो. विश्वस्तांनी दरवर्षी नव्या पुस्तकांसाठी तरतूद करावी आणि फाटलेल्या पुस्तकांचा जाब शिक्षकांना विचारू नये. शिक्षकांनी पालक सभेचा आरंभ तक्रारीने करू नये. मजुरी वा दुकान बुडणार नाही अशी वेळ ठेवावी. आणि पालकांनी रात्री जेवणानंतर दहा मिनिटे दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवून मुलाचे वाचन ऐकावे. चुकला तर लगेच टोकू नये.

त्या मुलीची आजी ती गोष्ट ऐकावयास बसली असती. माझ्या कुलपामुळे ते राहून गेले. आपल्या शाळेतील एकाही आजीच्या वाट्याला हे येऊ नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी माझे मनोगत संपवितो.