थंडीच्या दिवसांत प्रवाळ-मत्स्यालयाचे स्थलांतर



वैशाखाचा उकाडा सुरू असताना मी आपल्यापुढे बर्फातल्या एका बिऱ्हाडाचा विषय मांडणार आहे. घरात ठेवलेले खाऱ्या पाण्याचे, प्रवाळांचे मोठे मत्स्यालय कडाक्याच्या थंडीत एका घरातून दुसऱ्या घरात सुखरूप कसे न्यावे, हा तो विषय. विषय परका आहे, हे मला मान्य आहे. आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. कठीण प्रवाळांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसवलेले आहे. आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते समुद्रातच पाहावेत. परंतु अमेरिकेत व कॅनडात हा छंद चांगला रुजला आहे, आणि या मंडपात बसलेल्यांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे तिकडे नांदत आहेत. घराचा करार संपण्याची तारीख हवामान पाहून येत नाही. मिनियापोलिससारख्या शहरात जानेवारीत बाहेर उणे पंधरा-वीस अंश असणे हे काही नवल नव्हे, आणि आत काचेच्या टाकीत पंचवीस अंशांचा उष्ण समुद्र नांदत असतो. हा चाळीस अंशांचा फरक ओलांडून जीव जिवंत न्यावयाचे आहेत.

पहिल्यांदा एका बाईंची हकीकत सांगतो, कारण घरातल्या सागरी मत्स्यालयाचा इतिहासच मुळी एका स्थलांतराने सुरू होतो. १८४६ साली ॲना थिन नावाच्या इंग्लिश बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही प्रवाळ दगडी बरणीत घालून लंडनला आणले. समुद्राचे पाणी रोज बदलणे लंडनमध्ये शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी घरातल्या मोलकरणीकडून तेच पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, अर्धा-पाऊण तास ओतून घेण्याचा रोजचा परिपाठ ठेवला. आपण चहा गार करताना करतो तसेच! या ओतण्याने पाण्यात प्राणवायू मिसळे, आणि प्रवाळ जगले. बाईंना जे युक्तीने साधले त्याचे मर्म असे की, पाण्यातल्या जिवाला पाणी जितके लागते तितकाच पाण्यातला प्राणवायू लागतो. समुद्राच्या पाण्यात पंचवीस अंशांवर लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. डबा बंद करून मासा आत ठेवला की ही पुंजी किती वेळ पुरणार, याचा हिशेब आपणच करावा.

आता टाकीकडे वळू. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी घेऊ. खडक आणि वाळू वजा जाता तिच्यात सुमारे सहाशे लिटर पाणी असते. म्हणजे सहाशे किलोंच्या वर वजन. नुसती काचच सव्वाशे-दीडशे किलोंची. कित्येकांना वाटते की अर्धे पाणी काढले की चार माणसांनी ती उचलून नेता येईल. असे कधीही करू नये. वाळू व पाणी हिंदकळले की सांध्यांवर आणि तळकाचेवर जो ताण येतो, त्याने टाकी तिथेच फुटली नाही तर नव्या घरी महिन्याभराने गळू लागते. टाकी पूर्ण रिकामी करूनच हलवावी, याला अपवाद नाही.

रिकामी करायची म्हटले की मालकाचा पहिला विचार पाण्याचा असतो. जुने पाणी म्हणजे जणू गंगाजळ, त्यातला थेंबही सांडू नये! हा समज अर्धाच खरा आहे. मासे जी घाण टाकतात तिचा अमोनिया होतो, आणि अमोनिया माशांना विष आहे. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि हे शेवटचे द्रव्य फारसे घातक नाही. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. हे कामकरी पाण्यात तरंगत नसतात. खडकाच्या छिद्राछिद्रांत आणि वाळूच्या कणाकणांवर चिकटून बसलेले असतात. म्हणजे टाकीचा खरा प्राण सच्छिद्र खडकात आहे. पाणी नवे घातले तर चालते. खडक मेला तर काहीच चालत नाही. आणि खडक मरतो तो निव्वळ निष्काळजीपणाने: कुणीतरी तो कोरडा, गाडीच्या मागच्या थंड भागात, गोणपाटात टाकून नेतो. त्यावरचे स्पंज नुसत्या हवेच्या स्पर्शानेही दगावतात. मग नव्या घरी ते कुजतात, अमोनिया चढतो, आणि चौथ्या दिवशी मासे तळाशी धापा टाकू लागतात. मालक थंडीला दोष देतो, आणि थंडी तर केव्हाच संपलेली असते.

म्हणून खडक पाण्यात बुडवूनच न्यावेत. त्यासाठी, आणि प्रवाळांसाठीही, सर्वांत चांगले साधन आपल्या परिचयाचे आहे. आपली कोळीणबाई मासळी गार ठेवायला जी थर्माकोलची पेटी वापरते, तीच इथे पाणी ऊबदार ठेवायला वापरायची. ऊब आत कोंडणे आणि बाहेर कोंडणे हे एकच काम आहे, याची आपल्याला थर्मासवरून कल्पना आहेच. दुसरी गोष्ट आकाराची. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की पाणी आठपट होते, पण ऊब ज्यातून निसटते तो पृष्ठभाग चौपटच होतो. म्हणून पाच लिटरची पातळ पिशवी उघड्या थंडीत मिनिटामिनिटाला गार होत जाते, तर जाड पेटीतले शंभर लिटर पाणी तासाभराच्या प्रवासात फार थोडे उतरते. एकेक प्रवाळ एकेका पिशवीत घालून पिशव्या ओळीने मांडण्याची हौस उन्हाळ्यात खुशाल करावी. हिवाळ्यात थोड्या मोठ्या पेट्या कराव्यात, आणि पिशव्या वापरल्याच तर त्या पेटीतल्या पाण्यात तरंगत ठेवाव्यात.

थंडीने प्रवाळ खरोखर मरतात का, असा प्रश्न कोणी विचारील. २०१० च्या जानेवारीत फ्लोरिडा कीज या बेटांच्या उथळ समुद्रात पाणी सोळा अंशांच्याही खाली गेले, आणि दशकानुदशके वाढलेले प्रवाळांचे मोठमोठे गोळे थोड्या दिवसांत मेले. प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते व त्यांना अन्न पुरवते. अति उष्णतेने जसा हा संसार मोडतो तसाच अति थंडीनेही मोडतो. तेव्हा प्रवासात पाणी पंचवीसवरून बावीसवर आले तर घाबरण्याचे कारण नाही. अठराच्या खाली मात्र जाऊ देऊ नये.

काही लोक खिशात ठेवायच्या ऊबपुड्या पेटीत टाकतात. त्यांत लोखंडाची पूड असते आणि ती गंजता गंजता तापते. पण गंजण्यासाठी तिला प्राणवायू लागतो, आणि बंद पेटीतला तोच प्राणवायू ती खाते! पुडी कागदात गुंडाळून झाकणाला आतून लावावी, पिशवीला टेकवू नये, आणि झाकण थोडे सैल ठेवावे. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप प्रत्येक पेटीत असावा. तो ॲना थिन यांच्या मोलकरणीचे काम करतो. मासे ज्या गाडीत माणसे बसतात तिच्यातच न्यावेत, आणि गाडी निघण्यापूर्वी अर्धा तास आतून तापवून ठेवावी. सामान मागच्या थंड डब्यात गेले तरी चालेल. टाकीतली मंडळी नको.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आदल्या दिवशी माशांना खायला घालू नये. सकाळी प्रथम हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटे पाण्यातच निवू द्यावा, नाहीतर पाणी उतरताच तो उघडा पडून तडकतो. मग वरचे स्वच्छ पाणी पेट्यांत भरावे, प्रवाळ काढावेत, त्यामागून खडक. मासे पकडण्याची घाई अगोदर करणारे लोक तासभर जाळे फिरवतात आणि माशांना अर्धमेले करतात. खडक निघाल्यावर लपायला जागाच उरत नाही, तेव्हा ते आपोआप हाती येतात. वाळू सर्वांत शेवटी. जुन्या जाड थरात गंधकाचा विषारी वायू कोंडलेला असतो, म्हणून ती वाळू तशीच नव्या घरी ओतू नये. धुऊन घ्यावी किंवा सरळ नवी आणावी.

इथे माणसांच्या जिवाशी निगडित अशी एक सूचना. काही मऊ बटण-प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. हवाई बेटांवरच्या अशा एका प्राण्यातून ते वेगळे काढल्याचे १९७१ साली प्रसिद्ध झाले. गार पडलेला खडक गरम करावा म्हणून त्यावर उकळते पाणी ओतण्याची बुद्धी कोणाला झाली, तर त्या वाफेने घरातली माणसे दवाखान्यात जातील. हातमोजे व डोळ्यांना चष्मा हवाच, आणि खडक घासू नयेत, उकळू नयेत.

नव्या घरची तयारी मात्र आदल्या दिवशीच झाली पाहिजे. हिवाळ्यात तिकडच्या नळाचे पाणी पाच अंशांच्या आसपास असते. सहाशे लिटर पाणी पाचावरून पंचवीस अंशांवर नेण्यास तेरा-चौदा युनिट वीज लागते. पाचशे वॅटच्या हीटरला एक दिवसाहून जास्त काळ. निम्मे पाणी जुने आणले तरी बारा-चौदा तास हवेतच. ज्याने हा हिशेब केला नाही, तो रात्री दहा वाजता गार पाण्याची पिंपे आणि ऊब संपत चाललेल्या पेट्या यांच्यामध्ये उभा राहतो. मीठही त्याच पाण्यात आदल्या दिवशी मिसळून, ढवळून, पस्तीस सहस्रांश खारटपणा मोजून ठेवावे.

थंडीत बाहेरून आलेली रिकामी टाकी तासन्‌तास खोलीत ठेवावी आणि मगच तिच्यात ऊबदार पाणी घालावे. गार काचेवर गरम पाणी पडले की काय होते, हे चहाचा पेला तडकलेला पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नळ्यांत व पंपांत पाणी राहिले तर तेही तपासावे. खारे पाणी गोठत नाही असा समज आहे. ते उणे दोनाच्या सुमारास गोठते आणि फुगून नळी फोडते. याच कारणाने पायऱ्यांवर सांडलेले पाणी तिथल्या तिथे पुसून त्यावर कोरडी वाळू टाकावी. दीडशे किलोंची काच धरलेला माणूस त्या पायरीवर घसरला, तर माशांचा विचार करण्यास कोणी उरणार नाही.

टाकी लावल्यावर आधी खडक, मग पाणी योग्य तपमानावर आल्याची खात्री करून प्रवाळ आणि शेवटी मासे सोडावेत. प्रवास बराच लांबला असेल आणि मासे बंद पिशवीत असतील, तर पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसू नये. बंद पिशवीत माशांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने पाणी किंचित आंबट होते, आणि अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो व अमोनिया पुन्हा जहाल होतो. पिशवी बंद असतानाच तपमान जुळवावे आणि मग मासा लवकर बाहेर काढावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

पहिले चार-पाच दिवस दिवे थोडाच वेळ लावावेत, खाणे जुजबी घालावे आणि रोज अमोनिया मोजावा. तो दिसला तर पाणी बदलावे; म्हणून तयार, ऊबदार खाऱ्या पाण्याचे एक पिंप आठवडाभर बाजूला भरून ठेवावे. प्रवाळ मिटून बसतील, त्यांना हलवत राहू नये. मासे खडकाआड दडतील. दोन दिवसांनी त्यातला सर्वांत धीट मासा खाण्यासाठी बाहेर येतो, आणि बाकीचे त्याच्या मागून येतात.