शासकीय लेखन आणि मुद्रितशोधन



जुन्नरजवळच्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनकालीन शिलालेख आहे. राणी नागनिकेशी निगडित अशा या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे व कार्षापण नाण्यांच्या संख्या अंकांत कोरलेल्या आहेत. मात्र जेथे अक्षरे झिजली, तेथे त्या दानाचा अर्थ लावणे विद्वानांनाही कठीण झाले. नोंदीचे मोल तिच्या अचूकपणात असते, हे यावरून ध्यानी यावे.

आजच्या दप्तरातील नोंदीवर तर जिवंत माणसांचे हक्क अवलंबून असतात. आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे खेड आणि पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक अशी दोन गावे आहेत. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे. अवसरी बुद्रुक वेगळे, अवसरी खुर्द वेगळे. पत्रात केवळ 'पारगाव' किंवा 'अवसरी' असे लिहिल्यास प्रकरण भलत्याच गावी जाण्याचा संभव असतो. अंकांचेही तसेच. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर. नक्कल करताना त्याचे ४.० झाले, की क्षेत्र दसपट होते. अधिकार अभिलेखातील असे लेखनदोष दुरुस्त करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे. परंतु त्यासाठी खातेदाराला अर्ज करावा लागतो, हेलपाटे घालावे लागतात, रोजगार बुडवावा लागतो. चूक लेखणीची आणि भुर्दंड शेतकऱ्याला, असा हा व्यवहार होय.

यावर उपाय दोन. पहिला संपादनाचा. मसुदा तयार होताच तो वाचणाऱ्याच्या दृष्टीने तपासावा. 'संबंधितांनी आवश्यक कागदपत्रांसह विहित मुदतीत संपर्क साधावा' या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. तथापि डोंगरातल्या वाडीवरील आदिवासी शेतकऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. कोणी यावे, कोणते कागद आणावेत, कोणत्या तारखेस व कोठे यावे, हे स्पष्ट लिहावे. आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे; तेव्हा पत्त्यात घोडेगावचा उल्लेख हवाच.

दुसरा उपाय मुद्रितशोधनाचा. स्वच्छ प्रत लिहिणाऱ्यानेच तपासू नये. त्याला स्वतःची चूक दिसत नाही. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने नवी प्रत पाहावी. नावे, गट क्रमांक, तारखा व रकमा यांसाठी स्वतंत्र वाचन करावे. रक्कम अंकी व अक्षरी ताडून पाहावी. संगणकावर जुन्या पत्रावरून नवे पत्र करताना आधीचे नाव वा दिनांक राहून जातो. तेथे विशेष दक्षता घ्यावी. ग्रामसभेच्या ठरावातील 'नाही' हा एक शब्द गळला, तरी निर्णय उलटा होतो. म्हणून स्वाक्षरीपूर्वी ठराव सभेत वाचून दाखवावा.

शुद्धलेखनही गौण नव्हे. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ नियम प्रत्येक कार्यालयात व शाळेत हाताशी असावेत.

राजभाषा अधिनियम, १९६४ ने मराठीला शासनव्यवहारात स्थान दिले. ती भाषा सामान्य माणसाच्या उपयोगी पडावी, ही जबाबदारी लिहिणाऱ्याची व तपासणाऱ्याची आहे. स्वाक्षरीपूर्वीची पाच मिनिटे नागरिकाचे अनेक दिवस वाचवितात.