झाकोळलेले चार खेळ

कीर्ती ही मोठी पक्षपाती असते. एखाद्या घराण्यातील एका गवयाचे नाव झाले, की त्याच्या गुरुबंधूंची गायकी तितकीच कसदार असूनही तिची वार्ता दूरवर पोहोचत नाही. जुन्या घरगुती संगणकांवरील खेळांचेही असेच झाले आहे. बीबीसी मायक्रो ह्या यंत्राचे नाव निघाले, की जाणकार ‘एलिट’ ह्या एकाच खेळाचे गुणगान करतात. केंब्रिजचे दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल, ह्यांनी रचलेला आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेला तो खेळ त्या स्तुतीस पात्र आहे, ह्यात संशय नाही. परंतु त्याच्या तेजाने त्याच यंत्रावरील इतर काही रचना झाकोळून गेल्या. त्यांपैकी चारांची ओळख करून देणे, एवढाच प्रस्तुत भाषणाचा हेतू आहे.

प्रथम यंत्राविषयी दोन शब्द. सामान्य जनांस संगणकाचे ज्ञान व्हावे म्हणून ब्रिटनच्या नभोवाणी संस्थेने एक शिक्षणयोजना आखली आणि तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या अखेरीस हा संगणक सिद्ध केला. ब्रिटनमधील बहुसंख्य शाळांत तो पोहोचला. भारत सरकारने १९८४ च्या सुमारास ‘क्लास’ ह्या नावाने शालेय संगणकशिक्षणाचा उपक्रम आरंभिला, तेव्हा आपल्याकडील निवडक शाळांतही हेच यंत्र आले. पन्नाशी ओलांडलेल्या काही श्रोत्यांना त्याच्या कळफलकावरील तांबड्या कळांची ओळ अजून आठवत असेल.

ह्या यंत्राच्या प्रचलित प्रतीची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. एका किलोबाइटात सुमारे हजार अक्षरे मावतात, असे धरले तर ही पुंजी किती तुटपुंजी, हे ध्यानी येईल. शिवाय पडद्यावर बारकाव्याचे चित्र उमटवावयाचे झाल्यास त्यातील २० किलोबाइट चित्रापायीच खर्ची पडत. उरलेल्या जागेत खेळाचे नियम, पात्रे, नकाशे आणि आवाज ह्यांचा संसार थाटावयाचा. घर लहान असले म्हणजे गृहिणी एकेका वस्तूकडून दोन-दोन कामे करून घेते; ह्या खेळांचे रचनाकारही तेच करीत.

पहिला खेळ ‘द सेंटिनल’, म्हणजे पहारेकरी. जेफ क्रॅमंड ह्यांनी रचलेला हा खेळ १९८६ साली प्रसिद्ध झाला. डोंगर-उतारांच्या चौकटीचौकटींच्या एका निर्मनुष्य प्रदेशात सर्वांत उंच जागी एक पहारेकरी उभा असतो आणि तो संथपणे आपल्याभोवती फिरत सर्वत्र दृष्टी टाकीत असतो. खेळाडू खाली, दरीत. त्याला चालता येत नाही. मात्र दिसणाऱ्या वस्तूंतील शक्ती त्याला शोषून घेता येते: झाडातून एक भाग, शिळेतून दोन, यंत्रमानवातून तीन. ह्याच शक्तीतून उंचावर शिळा रचावी, तिच्यावर नवे यंत्रशरीर उभारावे, त्यात प्रवेश करावा आणि मागे राहिलेले जुने शरीर शोषून घ्यावे. अशा पायऱ्यांनी वर चढावयाचे. येथे एक मार्मिक अट आहे. वस्तू ज्या चौकटीवर उभी असेल ती चौकट दिसल्यावाचून वस्तू शोषता येत नाही. म्हणून पहारेकऱ्याहून उंच स्थान मिळविल्याखेरीज त्याला जिंकता येत नाही. उलट पहारेकऱ्याला खेळाडूची चौकट दिसली, की तो त्याची शक्ती एकेका भागाने हरण करू लागतो. हरण केलेली शक्ती नाहीशी होत नाही. ती त्या प्रदेशात झाडांच्या रूपाने पुन्हा उगवते.

खेळाडूने पहिली कृती करीपर्यंत पहारेकरी निश्चल असतो. म्हणून विचारास हवा तितका अवधी मिळतो. त्यानंतर मात्र प्रत्येक क्षण मोलाचा. बुद्धिबळातील योजकता आणि लपंडावातील धडधड ह्यांचा असा संगम क्वचितच आढळतो. असे प्रदेश तब्बल १०,००० आहेत. ते कोठेही साठविलेले नाहीत. प्रत्येकाच्या क्रमांकावरून गणिताने यंत्र तो त्या क्षणी निर्माण करते. विजयाच्या वेळी गाठीशी जितकी शक्ती शिल्लक असेल त्या मानाने पुढील प्रदेश ओलांडता येतात. काटकसरीचे असे रोकडे फळ देणारा दुसरा खेळ दाखविणे कठीण.

दुसरा खेळ ‘थ्रस्ट’. जेरेमी स्मिथ ह्यांचा हा खेळही १९८६ चाच. एका ग्रहावर लहानसे यान न्यावयाचे, तेथील जड गोळा उचलावयाचा आणि अवकाशात निसटावयाचे, इतकेच त्याचे कथानक. परंतु गोळा यानाला एका ताठ दांड्याने जोडला गेला, की दोघांचे वजन परस्परांना ओढू लागते. यान वळले तर गोळा झोका घेतो. गोळ्याला आवरावे तर यान भिंतीकडे झेपावते. आणि इंधन तर सरतच असते. जडत्वाचा नियम पाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला तो नियम बोटांच्या टोकांशी जाणवून देण्याचे सामर्थ्य ह्या खेळात आहे. पुढे गुरुत्वाकर्षण उलटते आणि त्याहीपुढे भिंती अदृश्य होतात, तेव्हा बव्हंशी स्मरणावर उड्डाण करावे लागते.

तिसरा ‘एक्झाइल’. स्मिथ आणि पीटर अर्विन ह्यांनी मिळून रचलेला हा खेळ १९८८ साली आला, तेव्हा ह्या यंत्राची भर ओसरत चालली होती. त्याच्या उपेक्षेचे हेही एक कारण. परग्रहावरील विस्तीर्ण गुहांचे हे जग आहे. त्यात वारा वस्तूंना ढकलतो, पाणी त्यांना तोलते, आणि पक्षी, कीटक, यंत्रमानव आपापल्या स्वभावानुसार वागतात, खेळाडूकडे लक्ष असो वा नसो. येथे संकटात सापडलेला खेळाडू मरत नाही. तो पूर्वी लक्षात ठेवलेल्या जागी परत जातो. त्यामुळे भय उणावते आणि जिज्ञासा वाढते. एवढे जग ३२ किलोबाइटांत बसविण्यासाठी रचनाकारांनी पडद्यावरील चित्राची चौकटच आखूड केली. दृश्य लहान करून जग मोठे करण्याचा हा सौदा होता.

चौथा ‘इमोजेन’, मायकेल सेंट ऑबिन ह्यांचा, १९८६ सालचा. ह्यातील मांत्रिकाला मांजर किंवा माकड होता येते. मांजर उडी मारते, माकड दोरावर चढते, हाताचे काम मात्र मांत्रिकच करतो. रूपे बदलण्याची संख्या मर्यादित असल्याने आधी विचार आणि मग रूपांतर, हा क्रम आपोआप अंगी बाणतो. घरातील लहान मुलांसाठी आरंभ करावा तो ह्याच खेळाने.

हे चारही खेळ आज मिळतात. जुन्या फितींवरील लेप झडत जातो, तबकड्या निकामी होतात. परंतु हौशी लोकांनी वेळीच नकला करून ठेवल्या आहेत आणि जुन्या यंत्राचे सोंग वठविणाऱ्या आज्ञावल्यांच्या साह्याने त्या कोणत्याही आधुनिक संगणकावर चालविता येतात. तथापि नक्कल राहिली म्हणजे खेळ राहिला, असे नव्हे. पोथी कपाटात सुरक्षित असली तरी वाचणारा नसेल तर ती मुकीच. खेळाचे तर त्याहून बिकट: पहारेकऱ्याची दृष्टी आपल्याकडे वळताना छातीत होणारी धडधड कोणत्याही नकलेत साठत नाही. ती दर वेळी कोणीतरी नव्याने अनुभवावी लागते.

म्हणून ज्याच्या हाती एखादी मोकळी संध्याकाळ असेल त्याने प्रथम खेळाची सूचनापत्रिका शांतपणे वाचावी, कारण त्या काळचे खेळ स्वतःविषयी फारसे बोलत नसत. आणि पहिल्या पाच पराभवांनी खचून जाऊ नये. सहाव्या खेपेस पहारेकरी पाठ फिरवितो, खेळाडू एक पायरी वर चढतो, आणि खालचा सारा प्रदेश प्रथमच त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येतो.