वेगळे झालेले आणि दूर गेलेले



स्वागताध्यक्षाकडून लोकांच्या अपेक्षा माफक असतात. अंघोळीला गरम पाणी, वेळेवर चहा आणि आखूड भाषण. पहिल्या दोन गोष्टी मी आमच्या तरुण संघाकडे सोपवल्या आहेत, तेव्हा त्या होतील. तिसरीचा शब्द देत नाही. वसई, नगर, जालना, कोल्हापूरकडच्या पाहुण्यांना एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवतो. रात्रीच्या जेवणात सावजी रस्सा आहे. पहिल्याच घासाला कोणी नागपूरचा त्याग करू नये. शेजारच्या टेबलावर साधा वरणभातही ठेवला आहे.

‘मंडळीतील धर्मत्याग आणि विश्वासाचे मूळ सिद्धांत’ हा परिषदेचा विषय जाहीर झाला, आणि मला फोन येऊ लागले. बहुतेकांचा प्रश्न एकच, की यंदा कोणाकोणाचा समाचार घेणार? एकाला ढोलकीवर भजन करणारे नको होते, दुसऱ्याला अन्य भाषांत प्रार्थना करणारे खटकत होते, तिसऱ्याचे शेजारच्या मंडळीशी कंपाउंडच्या भिंतीवरून कोर्टात चालले आहे आणि त्या भिंतीपलीकडचे सगळे त्याच्या मते धर्मत्यागी आहेत. हे ऐकल्यावर वाटले, की ही परिषद नागपुरात भरते आहे हे बरेच झाले. कारण वेगळे होणे आणि विश्वासापासून दूर जाणे यांतला फरक या गावाला त्याच्या इतिहासानेच शिकवला आहे.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी 1845 च्या सुरुवातीला इथे आले. ज्यांच्या नावाने आपले हिस्लॉप कॉलेज 1883 पासून उभे आहे, तेच हे. ते ज्या चर्चचे होते ते चर्च तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते. मे 1843 मध्ये एडिंबरोत स्कॉटलंडच्या चर्चची महासभा भरली आणि तिथून उठून शेकडो पाळक बाहेर पडले. बंगला सोडला, पगार सोडला, पिढ्यान्पिढ्यांची देवळे सोडली. मुंबईचे जॉन विल्सन आणि कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ यांनीही बाहेर पडलेल्यांचीच बाजू घेतली. भांडण कशाचे? गावाचा पाळक कोणी नेमायचा, मंडळीने की जमीनदाराने? प्रश्न क्षुल्लक नव्हता. ख्रिस्ताच्या मंडळीवर अंमल कोणाचा, हाच तो प्रश्न. पण फुटल्यानंतरही दोन्ही बाजूंच्या कपाटात वेस्टमिन्स्टरचा तोच विश्वासांगीकार राहिला, आणि बाप्तिस्माही तोच. म्हणून शहाऐंशी वर्षांनी, 1929 मध्ये, त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा एका छताखाली येता आले. धर्मत्याग झाला असता तर नुसत्या वाटाघाटींनी हे जमले नसते.

त्याच 1929 साली लखनौला उत्तर भारतातल्या मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी सुरू झाली. ती चालली चाळीस वर्षांहून अधिक. आपल्याकडे जागेच्या वादालाही इतकी वर्षे लागतात, पण त्यात कोणी प्रार्थना करत नाही! अखेर 29 नोव्हेंबर 1970 रोजी, इथून काही अंतरावर असलेल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात, सहा मंडळ्या एक झाल्या. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरांचे आधीच एकत्र आलेले चर्च, ब्रिटिश बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट.

त्या चाळीस वर्षांत घासाघीस कशावर झाली, हे आज आपल्याला फार उपयोगी आहे. बाप्टिस्ट म्हणत, तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा कसला देता, त्याने विश्वास कुठे धरला आहे? अँग्लिकन म्हणत, कराराच्या खुणेपासून लेकराला दूर ठेवणारे आपण कोण? या एका प्रश्नावर सोळाव्या शतकात युरोपात माणसे नदीत बुडवून मारली गेली होती. नागपुरात काय ठरले? दोन्ही पद्धती राहतील. ज्या घराला बाळाचा बाप्तिस्मा हवा ते घर तो घेईल. ज्याला जाणत्या वयात हवा तो थांबेल. बिशप असावेत की नसावेत यावरही असेच वर्षानुवर्षे बोलून बिशपपद ठेवले गेले, पण सिनडला आणि सामान्य सभासदांना उत्तर देणारे. या सगळ्यात जे टेबलावर ठेवलेच गेले नाही, ज्याच्यावर देवघेव झाली नाही, ते मोजकेच होते. पवित्र शास्त्राचा अधिकार, प्रेषितांचा आणि निकायाचा विश्वासांगीकार, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन विधी. अमेरिकन परंपरेचे दक्षिण आशियातले मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यावर मागे फिरले. मने दुखावली, पण त्यांना धर्मत्यागी म्हणायचे कोणाच्या मनात आले नाही. नागपुरातल्या नाताळाच्या गायनात आजही ते आणि आम्ही शेजारी शेजारी उभे असतो, आणि खरे सांगायचे तर सूर त्यांचा बरा लागतो.

मग ओलांडली की मंडळी मंडळीच राहत नाही, अशी रेघ आहे तरी कुठे? ही रेघ पहिल्यांदा ठळक झाली ती 325 साली निकायात. आरियस हा आलेक्सांद्रियाचा वडील काही येशूची टवाळी करत नव्हता. पुत्र थोर, सर्व सृष्टीच्या आधीचा, पण अखेर निर्माण केलेला, एवढेच त्याचे म्हणणे, आणि ते ऐकायला सोपे होते. अथनाशियसने त्यातली अडचण दाखवली. जो स्वतः घडवलेला आहे त्याच्यापुढे गुडघे टेकता ते कोणत्या हक्काने? आणि तो आपल्याला देवाशी जोडणार कसा? देव स्वतः आला, की त्याने कोणाला तरी पाठवून दिले, एवढाच प्रश्न होता, पण आपले सगळे तारण त्यावर लटकलेले होते. बाळाच्या बाप्तिस्म्याचा वाद आणि हा वाद एका पारड्यात बसत नाहीत ते यामुळे.

हे निकायातच निकालात निघाले असे मात्र समजू नका. 359 साली इटलीत रिमिनीला चारशेवर बिशप जमले आणि सम्राट कॉन्स्टँशियसच्या दडपणाखाली, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे हा निकायाचा नेमका शब्द गाळलेल्या मसुद्यावर त्यांनी सह्या केल्या. अथनाशियस पाच वेळा हद्दपार झाला. हात वर करून ठराव पास करण्याची आपल्याला फार हौस आहे, म्हणून रिमिनीचे नाव मुद्दाम घेतले.

तरी एक काळजी घ्यावी लागते. निकायाच्या शब्दांपाशी जो अडखळतो तो प्रत्येक जण आरियस नसतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून दीर्घ पत्रव्यवहार झाला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो 1977 मध्ये प्रसिद्ध केला आहे. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचावा. त्या काळच्या पुष्कळांना ही बाई घसरली असे वाटत होते. बाई विचारत होत्या. कोणीतरी सांगितले म्हणून मान डोलवायला त्या तयार नव्हत्या, एवढेच. याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि हिब्रू व ग्रीक शिकून, शेवटच्या आजारपणापर्यंत मराठी बायबलच्या भाषांतरावर काम केले. वाँटेजला कोणी त्यांच्या नावापुढे फुली मारून टाकली असती, तर नुकसान आपले झाले असते. आपल्या मंडळ्यांतली पोरे आज मोबाइलवर काय काय ऐकून येतात आणि रविवारी पाळकसाहेबांना आडवे प्रश्न विचारतात. त्यांच्यावर डोळे वटारण्याआधी रमाबाई आठवाव्यात.

आता प्रत्यक्ष धर्मत्याग. ज्यांच्या हातून तो सरळसरळ घडला, त्यांचे मंडळीने काय केले? इसवी सन 250. सम्राट डेसियसचा हुकूम निघाला, की प्रत्येकाने देवतांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. अर्जदाराचे नाव, गाव, त्याने आमच्यासमोर बळी दिला आणि प्रसाद खाल्ला, खाली साक्षीदारांच्या सह्या. अगदी तहसील कचेरीतला कागद वाटावा. हजारो ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी बळी न देता लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरला तेव्हा हे सगळे रडत चर्चच्या दाराशी आले. रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, यांना दार कायमचे बंद. उलट तुरुंगवास भोगलेले काही जण क्षमेच्या चिठ्ठ्या वाटू लागले, की घ्या यांना लगेच आत. मधे सापडला कार्थेजचा बिशप सिप्रियन, आणि तो स्वतः छळाच्या काळात लपून बसलेला! त्याला टोमणे कमी पडले नसतील. 251 मध्ये कार्थेजच्या सभेने ठरवले, की नुसता दाखला घेतलेल्यांना पश्चात्तापानंतर आत घ्यावे. बळी दिलेल्यांनी अधिक काळ पश्चात्ताप करावा. दोनेक वर्षांत, नवे संकट दिसू लागले तेव्हा, त्यांनाही घेतले. मात्र बळी दिलेल्या बिशपांना आणि वडिलांना मंडळीत जागा मिळाली, पद परत मिळाले नाही. या शेवटच्या कलमावर उद्याच्या सत्रात जरा मोकळेपणाने बोलावे अशी माझी इच्छा आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. सामान्य सभासदाचे नाव वहीतून पटकन जाते, आणि खुर्ची तेवढी सगळ्या वादळांत जागच्या जागी राहते.

सिप्रियन पुढे 258 च्या छळात मात्र पळाला नाही. त्याचा शिरच्छेद झाला.

डेसियसच्या त्या दाखल्याची एक सोय होती. आपण काय केले हे माणसाला ठाऊक असे. खरी कठीण वेळ येते ती कोणी काहीच नाकारत नाही, उपासना नेमाने चालते, विश्वासांगीकार दर रविवारी म्हटला जातो, आणि तरी ख्रिस्ताच्या जागी दुसरेच कोणी येऊन बसते तेव्हा. सप्टेंबर 1933 मध्ये, हिटलरच्या जर्मनीत, प्रशियाच्या चर्चसभेने नियम केला, की ज्याच्या अंगात ज्यू रक्त आहे किंवा ज्याची बायको तशी आहे तो पाळक नको. म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्यापेक्षा रक्त मोठे. 13 नोव्हेंबरला बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहात ‘जर्मन ख्रिस्ती’ पक्षाच्या प्रचंड सभेत राइनहोल्ड क्राउझे याने जुना करारच काढून टाका, पौलाची ज्यू शिकवण काढून टाका, अशी मागणी केली. टाळ्या पडल्या. काही जणांचे डोळे त्या टाळ्यांनी उघडले. मे 1934 अखेर बार्मेनला लुथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी सहा कलमांचे घोषणापत्र काढले. मसुदा मुख्यतः कार्ल बार्थचा. प्रत्येक कलमात आधी शास्त्रवचन, मग आम्ही काय मानतो ते, मग कोणती शिकवण खोटी म्हणून नाकारतो ते. सहा कलमांत कोणा माणसाचे नाव नाही. आणि ज्यू लोकांविषयीही एक शब्द नाही. बार्थने पुढे म्हातारपणी, 1967 मध्ये, ही आपली चूक होती असे लिहून कबूल केले. इतका तीक्ष्ण डोळा, आणि समोरचे सर्वांत मोठे पाप दिसले नाही.

आपल्याला तरी ते दिसते का? आपल्यात रक्ताची चौकशी होत नाही असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. मुलीचे स्थळ पाहताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती घरांतून अजून विचारला जातो, हलक्या आवाजात, पाळकाच्या घरातसुद्धा. पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत तो बिनआवाजाचा विचारला जातो. 1982 मध्ये ओटावाला जागतिक रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या सभेने ईश्वरविद्येच्या आधारे केलेल्या वर्णभेदाच्या समर्थनाला पाखंड म्हटले आणि तसे समर्थन करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या मंडळ्यांचे सभासदत्व थांबवले. वर्णभेद हा निकायाच्या विश्वासांगीकारात कुठे आहे, असे तेव्हाही विचारले गेले असणार. तो तिथे आहे. त्यात एकाच बाप्तिस्म्यावर विश्वास कबूल केलेला आहे. ढोलकीवर रागावलेल्या माझ्या मित्राला मी फोनवर हेच सांगितले. त्याने विषय बदलला.

तेव्हा परिषदेला यजमान या नात्याने एक विनंती. समारोपाला ठराव करायचा झाला, तर बार्मेनची पद्धत धरावी. कोणाला धर्मत्यागी म्हणण्याआधी, त्याने विश्वासांगीकारातले कोणते वाक्य नाकारले ते कागदावर लिहावे, त्याखाली शास्त्रवचन लिहावे, आणि तोच कागद आधी स्वतःच्या मंडळीच्या वहीशी ताडून पाहावा. कोरे कागद आणि पेन प्रत्येकाच्या पिशवीत ठेवले आहेत. पिशवीत वेळापत्रकही आहे. त्यात दुपारच्या दोन सत्रांची अदलाबदल झाली आहे, कारण पुण्याकडचे वक्ते गाडीने येत आहेत आणि गाडी अजून वर्ध्याच्या अलीकडे आलेली नाही.

माझे आखूड भाषण हे असे झाले. अध्यक्षमहाशयांनी आसन स्वीकारून परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी मी त्यांना विनंती करतो.