बंदराला कुंपण नसते

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जहाजावरच्या नोकरीबद्दल बोल, असा तुमचा आग्रह होता. देशोदेशींच्या गमतीजमती रात्री जेवताना सांगेन. इथे मात्र मला बंदरांविषयी थोडे गंभीर बोलायचे आहे, कारण आपल्यापैकी अनेकांची घरे आजही समुद्रकाठी आहेत.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या पुळणीवर डांबराचे काळे गोळे येतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. पायाला चिकटले की रॉकेलने पुसायचे. ते बहुधा दूर समुद्रात जहाजांतून सांडलेल्या किंवा सोडून दिलेल्या तेलाचे असतात. वारा आणि प्रवाह ते आपल्या दारात आणून टाकतात. जहाज कुणाचे, तेल कुणाचे आणि घाण कुणाच्या अंगणात!

या प्रश्नाचे भयंकर रूप 2021 च्या मे महिन्यात कोलंबोजवळ दिसले. ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे अगदी नवे कंटेनर जहाज. त्यावरच्या नायट्रिक आम्लाच्या एका कंटेनरला गळती लागली होती. कतारचे हमाद आणि गुजरातमधील हजिरा या दोन बंदरांत तो कंटेनर उतरवून घेण्याची विनंती केली, पण दोन्हीकडे तशी सोय नसल्याचे उत्तर मिळाले, असे जहाज कंपनीने नंतर सांगितले. गळका कंटेनर घेऊन जहाज पुढे निघाले. 20 मे रोजी कोलंबोबाहेर त्याला आग लागली. आपल्या तटरक्षक दलाची जहाजेही विझवायला धावली, खलाशी वाचले, पण 2 जूनला जहाज बुडू लागले. साबुदाण्याएवढे प्लास्टिकचे दाणे, सोळाशे टनांहून अधिक, समुद्रात आणि किनाऱ्यावर पसरले. मेलेली कासवे किनाऱ्याला लागली. मासेमारीवर बंदी आली. ज्या कोळ्यांनी ते जहाज कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्या चुली थंडावल्या.

मित्रहो, यात एकाच बंदराला दोष देणे सोपे आहे. पण बंदर अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. धोकादायक माल आत घेतला आणि काही झाले तर जबाबदारी त्याची. नाही म्हटले तर संकट पुढच्या बंदराचे. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणा केला, तरी सगळ्यांचा मिळून अनर्थ होतो. म्हणून हे काम शेजाऱ्यांनी मिळूनच करावे लागते.

युरोपनेही हे ठेच लागूनच शिकले. 2012 मध्ये ‘एमएससी फ्लेमिनिया’ जहाजाला अटलांटिकमध्ये आग लागली आणि आसरा मिळेपर्यंत ते कित्येक आठवडे समुद्रात ताटकळले. त्यानंतर युरोपीय देशांनी संकटातल्या जहाजांसाठी एकत्र कार्यपद्धती ठरवली. तिचे सूत्र साधे आहे: तपासणी केल्याशिवाय नकार द्यायचा नाही.

आपल्याकडे पाया आहे. हिंदी महासागरातील देशांनी परदेशी जहाजांच्या तपासणीसाठी 1998 मध्ये सामंजस्य करार केला. त्याचे सचिवालय आपल्या शेजारी, गोव्यात आहे. एका बंदरात सापडलेला दोष दुसऱ्या बंदराला त्यामुळे कळू शकतो. आखाती देशांचा असाच वेगळा करार आहे. तेल व रसायनांच्या गळतीला तोंड देण्यासाठी दक्षिण आशियातील देशांशी सहकार्य करण्याच्या कराराला 2018 मध्ये भारताच्या मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पण आखातातून गुजरातमार्गे श्रीलंकेला जाणाऱ्या जहाजाला या कागदांच्या हद्दी ठाऊक नसतात.

माझे म्हणणे एवढेच: गळका कंटेनर कोणत्या बंदरात उतरवायचा, त्यासाठीची माणसे आणि साधने कुठे ठेवायची आणि खर्च कुणी उचलायचा, हे शेजारी देशांनी संकट येण्याआधी ठरवावे. आग लागल्यावर मदतीला धावण्याची वृत्ती आपल्यात आहेच. ठिणगीच्या वेळी दार उघडण्याची सवय लागायला हवी.

आपल्यापैकी कुणी शिक्षक आहेत, कुणी पत्रकार, कुणी सरकारी नोकरीत, तर कुणी आजही होडी घेऊन समुद्रात जातात. जिथे असाल तिथे हा प्रश्न विचारा. आणि सर, बाई, तुम्ही नकाशावर आम्हांला बंदरे दाखवलीत. आताच्या मुलांना त्या बंदरांना जोडणारे पाणीही दाखवा, एवढीच विनंती.