हॉटेलच्या बिलातील सेवा-आकार
(निर्णा येथील ग्राहक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



निर्ण्यासारख्या गावातील मनुष्य हॉटेलात वारंवार जात नाही. परंतु दवाखान्यासाठी सोलापूर वा हैदराबाद, मुलांच्या प्रवेशासाठी पुणे, दत्तदर्शनासाठी गाणगापूर असे प्रवास त्यास घडतातच. परगावी, परभाषेत, मागे माणसे खोळंबलेली असताना बिल वाचण्याचे धैर्य सहसा होत नाही. दरपत्रकात ठळकपणे न दिसलेली रक्कम नेमकी याच क्षणी वसूल होते.

बिलाच्या तळाशी ‘सर्व्हिस चार्ज’ किंवा नुसते ‘एस. सी.’ असे लिहून बहुधा पाच ते दहा टक्के रक्कम जोडलेली असते. पुष्कळांस हा सरकारी कर वाटतो. तो कर नव्हे. शासनाकडे जातो तो वस्तू व सेवा कर. साध्या उपाहारगृहात त्याचा दर ५ टक्के आहे. सेवा-आकार मालकाकडेच राहतो. शिवाय त्यावरही कर चढतो, हे लक्षात घ्यावे. जेवण १००० रुपयांचे असेल तर करासह १०५० रुपये व्हावयास हवेत. त्यात १० टक्के सेवा-आकार मिळविला, की ११०० रुपयांवर कर लागून बिल ११५५ रुपयांवर जाते. म्हणजे १०५ रुपये अधिक!

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून अशी आपोआप आकारणी करण्यास मनाई केली. दुसऱ्या नावाने ती घेण्यासही मनाई केली. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने ही तत्त्वे वैध ठरवून त्यांच्या याचिका फेटाळल्या. त्यावर संघटनांनी अपील केले. ही रक्कम नोकरवर्गास मिळते, असे मालकांचे म्हणणे असते. मिळत असेलही, पण नोकरांचा पगार हा धंद्याचाच खर्च आहे, तो दरात धरून दर उघडपणे सांगावा. संतुष्ट गिऱ्हाइकाने वाढप्याच्या हातावर स्वखुशीने बक्षिसी ठेवावी, त्यास कोणाचीच ना नाही.

हमरस्त्यावरील लहान खानावळींसंबंधी एक निराळी गोष्ट. ज्यांची जीएसटी नोंदणीच नाही, किंवा ज्यांनी लहान व्यापाऱ्यांसाठीची ‘कंपोझिशन’ योजना घेतली आहे, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. नोंदणी क्रमांक नसलेल्या बिलावर कर दिसला, तर विचारावे. पाण्याच्या बाटलीचे मात्र वेगळे आहे. हॉटेलात बसून मागविलेल्या बाटलीला छापील किमतीहून अधिक दर घेता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निर्णय आहे. मला तो रुचत नाही, तरी त्यावरून वाद घालण्यापेक्षा साधे पाणी मागणे बरे.

सेवा-आकार दिसल्यास प्रथम तो काढून टाकण्यास सौम्यपणे सांगावे. न ऐकल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. पूर्वी परगावच्या हॉटेलविरुद्ध दाद मागावयाची तर बहुधा तेथवर जावे लागे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे पुण्यात जेवलेल्या निर्ण्याच्या माणसाला बिदरचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणास शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे; तोवर बिल जपून ठेवावे, आणि पुसट होणाऱ्या कागदावर असेल तर त्याची छायाप्रत त्याच आठवड्यात काढावी.