एका मोठ्या शहरांतून दुसऱ्या मोठ्या शहरांत

बदनापूरच्या रेल्वे-स्थानकावर उभें राहिलें म्हणजे रूळ दोन दिशांना गेलेले दिसतात. पश्चिमेची वाट छत्रपति संभाजीनगरावरून मनमाडला आणि तेथून मुंबईस पोहोंचते. पूर्वेची जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादेस जाते. गेल्या सव्वाशे वर्षांत या गांवांतून जीं माणसें पोटासाठीं अथवा विद्येसाठीं आगगाडीनें बाहेर पडलीं, त्यांनीं यांपैकीं एक दिशा धरली. गांव सोडून शहरांत जावें कीं नाहीं, हा प्रश्न पुष्कळ घरांनीं केव्हांच सोडविला आहे. आतां त्याच घरांपुढें निराळा प्रश्न उभा राहतो: एका मोठ्या शहरांत स्थिर झालेल्या कुटुंबानें अधिक वेतनासाठीं दुसऱ्या मोठ्या शहरांत जावें काय?

असें एक घर कल्पावें. आई-वडील बदनापुरांत, थोडी कोरडवाहू जमीन, तींत तूर आणि कापूस. मुलगा पुण्यांत एका कंपनींत नोकरीस, सून तेथील एका मराठी शाळेंत शिक्षिका, आणि नात सातवींत शिकणारी. मुलाला हैदराबादेच्या कचेरींत वरची जागा देऊं केली आहे. दिवाळीस सगळे गांवीं जमले असतां ही गोष्ट निघते.

“नाना, पगार दीडपट होईल. अशी संधि पुन्हां येईलच असं नाहीं,” मुलगा म्हणतो.

“मग जा कीं. हैदराबाद आपल्याला परकं थोडंच आहे? माझ्या वडिलांचा दावा तिथल्याच हायकोर्टांत चालला होता.”

“नाना, त्यांना तिथं दावा चालवायचा होता,” सून हळूच म्हणते, “आम्हांला तिथं राहायचं आहे.”

या तीन वाक्यांत सारा प्रश्न आला. मुलाच्या बोलण्यांत लाभ आहे, नानांच्या बोलण्यांत इतिहास आहे आणि सुनेच्या बोलण्यांत रोजचें जगणें आहे. तिन्ही बाजू खऱ्या असल्यामुळेंच निर्णय कठीण होतो.

प्रथम नानांची बाजू पाहूं. तींत तथ्य आहे. हैदराबाद व मनमाड यांना जोडणारा लोहमार्ग सुमारें १९०० सालीं झाला, तो निजामाच्या राज्याचा मार्ग म्हणून. रूळ अरुंद, मीटर मापाचे. त्यामुळें बदनापुरांतून हैदराबादेस सरळ जातां येई. मुंबईस जाणाऱ्याला मात्र मनमाडला गाडी बदलावी लागे. सरकारी कचेऱ्या, वरिष्ठ न्यायालय आणि १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठ हीं सर्व हैदराबादेंत होतीं. तेथें मराठी माणूस उपराहि नव्हता. विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था १९०७ सालची आणि तेथील मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ सालचें. उर्दूंत शिकून, तेलुगू शेजारांत राहून, घरांत मराठी बोलणारीं कितीएक कुटुंबें त्या शहरांत पिढ्यान्पिढ्या नांदलीं.

परंतु याच इतिहासाचें दुसरें पान नाना उलटीत नाहींत. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता संपली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचनेनें हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाड्याचे पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले, आणि बदनापूरची राजधानी हैदराबादेहून उठून मुंबईस गेली. ज्यांनीं राजधानीचें शहर म्हणून तेथें घर केलें होतें, ज्यांची ओळखपाळख, वकिली आणि नोकरीची ज्येष्ठता तेथें रुजली होती, त्यांना ‘राहावें कीं जावें’ या विचारांत पडावें लागलें. माणसांनीं शहर सोडलें नव्हतें. शहराचें त्यांच्याशीं असलेलें नातें बदललें होतें. पुढें १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ निघालें आणि १९८१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ औरंगाबादेस सुरू झालें. ज्या दोन कामांसाठीं पूर्वीं हैदराबाद गांठावें लागे, तीं दोन्ही कामें घरापासून दोन तासांच्या आंत आलीं. यावरून एवढेंच घ्यावयाचें कीं, एखाद्या शहराचा आजचा मोठेपणा पाहून त्याच्याशीं सर्व आयुष्य बांधून टाकणें शहाणपणाचें नव्हे. शहरांचेहि दिवस पालटतात.

आतां मुलाची बाजू. हैदराबादेंत सायबर टॉवर्स ही इमारत १९९८ सालीं उभी राहिली आणि तेव्हांपासून तें शहर संगणक-व्यवसायाचें एक प्रमुख ठाणें झालें. तेथें वरची जागा मिळणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण ‘पगार दीडपट’ हा हिशेबाचा आरंभ असतो, शेवट नसतो. वाढीव रकमेंतून प्रथम सुनेचें वेतन वजा करावें. मग नव्या घराची अनामत व भाडें, सामान हलविण्याचा खर्च, नव्या शाळेचें प्रवेशशुल्क आणि वर्षांतून गांवीं येण्याच्या खेपा. पुण्याहून बदनापूर रस्त्यानें सुमारें पावणेतीनशे किलोमीटर. रात्रीं निरोप आला तर माणूस सकाळीं आई-वडिलांजवळ असतो. हैदराबादेहून लोहमार्गानें साडेचारशे किलोमीटरांहून अधिक. उलटपक्षीं, पुण्यास आगगाडीनें जावयाचें तर मनमाड आणि दौंडचा वळसा पडतो, आणि हैदराबादची वाट मात्र घराजवळून जाते. वृद्ध माणसांना बसच्या धक्क्यांपेक्षां आगगाडींतील निजण्याची जागा सोईची. म्हणून अंतर केवळ किलोमीटरांत मोजूं नये. कोणी कोणाकडे किती वेळां आणि कोणत्या वाहनानें जावयाचें आहे, हें पाहून मोजावें.

सुनेच्या बाजूचा विचार बहुधा सर्वांत शेवटीं होतो. खरें पाहतां तो सर्वांत आधीं व्हावा. अभियंत्याचें काम सामानाबरोबर हलतें, शिक्षिकेचें हलत नाहीं. राज्याची शिक्षक-पात्रता परीक्षा सामान्यतः त्या राज्यापुरतीच धरली जाते, सेवाज्येष्ठता संस्थेपुरती असते, आणि मराठी शाळा परराज्यांत मोजक्याच. म्हणजे पतीला एक पायरी वर चढविण्यासाठीं पत्नीनें संबंध जिना सोडावयाचा. कांहीं घरांत असें करणें योग्यहि ठरेल. परंतु तें ‘पगार दीडपट’ या शब्दांआड लपूं नये. त्याग होणार असेल तर तो कोणाचा, हें उघड बोललें जावें आणि तिच्या संमतीनेंच तो व्हावा.

मुलीच्या शिक्षणाचा हिशेब याहून नाजूक आहे, कारण तेथें शाळेच्या जोडीला कायदाहि येतो. तेलंगणांत २०१८ च्या कायद्यानें दहावीपर्यंत तेलुगूचें शिक्षण आवश्यक केलें आहे. महाराष्ट्रांत २०२० च्या कायद्यानें मराठीचें. लहान मूल नवी भाषा खेळतां खेळतां उचलतें. तेरा वर्षांच्या मुलीला मात्र नवी लिपि आणि परीक्षा यांना एकदमच तोंड द्यावें लागतें. बाहेरून येणाऱ्या मुलांना सवलत मिळते काय, हें आधींच शाळेंत विचारून घ्यावें. पुढें वैद्यकीय शिक्षणाचा मानस असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. महाराष्ट्रांतील राज्याच्या वाट्याच्या जागांसाठीं दहावी व बारावी राज्यांतूनच उत्तीर्ण होण्याची अट सामान्यतः असते. तेलंगणांतहि स्थानिक विद्यार्थी ठरण्यास तेथील शिक्षणाचीं सलग वर्षें पाहिलीं जातात. नववी-दहावीच्या सुमारास राज्य बदललेली मुलगी इकडचीहि नाहीं आणि तिकडचीहि नाहीं, अशी अडकूं शकते.

मागासवर्गीय कुटुंबांना तर याहून गंभीर बाब ठाऊक असावयास पाहिजे. आंध्र प्रदेशांत अनुसूचित जमातींत गणला गेलेला एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळें लहानपणींच मुंबईस आला. मोठेपणीं त्यानें तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत राखीव जागा मागितली, ती मिळाली नाहीं, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० सालीं घटनापीठानें निर्णय दिला कीं, एका राज्याच्या संबंधानें अनुसूचित ठरलेली व्यक्ति दुसऱ्या राज्यांत राहावयास गेली म्हणून तेथेंहि आपोआप तशी ठरत नाहीं. केंद्राच्या संस्थांतील सवलत कायम राहते. नव्या राज्याची मिळत नाहीं. ही गोष्ट कित्येकांना अर्ज भरण्याच्या दिवशींच कळते आणि तेव्हां उशीर झालेला असतो.

राहतां राहिले आई-वडील. मुलगा पुण्यांत असो वा हैदराबादेंत, तो गांवीं नाहींच, असें म्हणून हा विचार कित्येकदां उडवून लावला जातो. तें बरोबर नाहीं. वार्धक्यांत दवाखान्याच्या खेपा वाढतात, आणि त्या वेळीं मुलगा एका रात्रींत येऊं शकतो हा भरंवसाच मोठें औषध असतो. नाना ‘जा कीं’ म्हणाले, यांत मुलाच्या उत्कर्षाआड न येण्याचा मोठेपणा आहे. तो शब्दशः घेऊन मुलानें स्वस्थ बसूं नये. आई त्या संभाषणांत कांहींच बोलली नाहीं. तिला एकान्तांत विचारावें.

तात्पर्य, लाभ आणि हानि यांची यादी करून दोन रकान्यांची बेरीज मांडल्यानें निर्णय होत नाहीं. यादींतील प्रत्येक बाबीपुढें एक प्रश्न लिहावा: हें बिघडलें तर मागें फिरतां येईल काय? नोकरी पुन्हां बदलतां येते. भाड्याचें घर सोडतां येतें. परंतु मुलीचीं आठवी ते बारावीचीं वर्षें, पत्नीची सुटलेली सेवा आणि आई-वडिलांचा उतारकाळ पुन्हां हातीं येत नाहींत. पहिल्या प्रकारच्या बाबतींत धाडस करावें, दुसऱ्या प्रकारच्या बाबतींत सावध असावें. मागें फिरणें यांत कमीपणाहि मानूं नये. नरहर कुरुंदकर महाविद्यालयीन शिक्षणासाठीं हैदराबादेस मामांकडे राहिले; तेथें इंटरच्या परीक्षेंत त्यांना पुनःपुन्हां अपयश आलें आणि ते नांदेडला परतले. पुढें ते तेथील पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि साऱ्या महाराष्ट्रानें त्यांना विचारवंत म्हणून मानलें. मोठें शहर सोडलें म्हणून त्यांचें मोठेपण अडलें नाहीं.

या कल्पिलेल्या घरापुरता मार्ग असा सुचतो. मुलीच्या शिक्षणास राज्य बदलणें सोसणारें नसेल, तर मुलानें प्रथम एक वर्ष एकट्यानें जाऊन पाहावें. पुण्याचें घर मोडूं नये. सुनेनें राजीनामा न देतां मिळत असल्यास बिनपगारी रजा घेऊन तें शहर पाहून यावें. आणि वर्षाअखेर चौघांनीं नव्हे, नातीसह पांचांनीं बसून निर्णय करावा. वर्षभराच्या ताटातुटीचा त्रास खरा आहे. पण घाईनें केलेल्या मांडामांडीपेक्षां तो सोसणें बरें.

बदनापुरांत कडधान्यांचें संशोधन केंद्र आहे. तेथें निपजलेल्या तुरीच्या जाती मराठवाड्याच्या शिवारांत ठायीं ठायीं आढळतात. तुरीचें सोटमूळ खोल जातें, म्हणून वाढलेलें झाड उपटून दुसरीकडे लावलें तर जगत नाहीं. तरीहि कित्येक शेतकरी तुरीची पुनर्लागवड करतात. त्यासाठीं रोप महिन्याभराचें असतांनाच, मुळाभोंवतींच्या मातीसकट, पाऊस पाहून शेतांत लावावें लागतें. नाना हें काम जन्मभर करीत आले आहेत. मुलानें नव्या शहराची माहिती अवश्य मिळवावी. परंतु कुटुंबांतील कोण अजून रोप आहे आणि कोणाचें मूळ खोल गेलें आहे, हें त्यानें नानांच्या शेजारीं बसून एकदां विचारून घ्यावें.